सात म्हणेस्तोवर

आक्का,

भटजी म्हणाले, इतक्या उशिरानं कळलं तर सुतक धरायचं कारण नाही, डोक्यावरून एक आंघोळ केली की झालं. दाजींनी आडाचं पाणी काढून दिलं. मी अंगावरच्या कपड्यांनिशी ते ओतून घेतलं आणि शास्त्राप्रमाणे मोकळा झालो. तुला जाऊन नऊ महिने झालेले, आणि तुझ्यासाठी माझ्याकडून एक बादली पाणी. आंघोळ आटोपल्यावर दाजी म्हणाले, "चल, जेवून घे." आणि मी जेवलो. दोन भाकऱ्या खाल्ल्या. त्याचा मला अजून राग येतोय.

आज तिसरा दिवस. मागच्या दारात, तू भांडी घासायला बसायचीस त्या दगडावर बसून हे लिहितोय. समोर खंदक आहे, पलीकडे किल्ल्याची भिंत. यंदा पाऊस बरा झालेला दिसतो, पाणी पायरीला लागलंय. तुला वाचता येत नव्हतं. माझी पत्रं दाजी वाचून दाखवायचे आणि तू चुलीपुढून हुंकार द्यायचीस. मग आता हे कुणासाठी लिहितोस, असं मला कुणी विचारू नये. दोन वर्षं दर महिन्याला तुला लिहायची सवय लागलीय. ती तीन दिवसांत कशी मोडेल?

नांदेडच्या स्टेशनवर दाजी एकटेच आले होते. डोक्यावर तीच काळी टोपी, शेरवानीची वरची गुंडी तशीच तुटलेली. ती तू अजून कशी लावली नाहीस, असं मला वाटलं, आणि मी थट्टेनं म्हणालोही, "दाजी, आक्काला सुई सापडंना का?" ते हसले. कंधारपर्यंत मोटारीत आम्ही कचेरीबद्दल बोललो, पावसाबद्दल बोललो. मी विचारलं, "आक्कानं सैपाकाला काय केलंय?" ते खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "हाय की. भाकरी हाय, वरण हाय." माणूस खोटं न बोलता किती वेळ काढू शकतो हे मी त्या दिवशी पाहिलं.

घराशी आलो. जोडे काढले आणि उंबऱ्याबाहेर उभा राहिलो. तुझी शिस्तच होती तशी. परीक्षेला नांदेडला दोन दिवस जाऊन आलो तरी भाकरीचा तुकडा आणि तांब्याभर पाणी ओवाळून टाकल्याशिवाय तू मला आत घ्यायची नाहीस. मी तर समुद्र ओलांडून आलेलो. म्हटलं, आज अख्खी भाकरी ओवाळते की काय! मोठ्यानं हाकही मारली. आतून कुणी आलं नाही. मग दाजी माझ्या बाजूनं आत गेले आणि थोड्या वेळानं बाहेर आले. एका हातात भाकरीचा तुकडा, दुसऱ्या हातात तांब्या. त्या माणसानं आयुष्यात कधी कुणाला ओवाळलं नव्हतं. त्यांनी हात उलटा फिरवला, पाणी माझ्या पायांवर सांडलं, तुकडा कुठं टाकायचा ते त्यांना कळेना. तो हातात धरून ते तसेच उभे राहिले. तेव्हा मला कळलं, आक्का. कुणी सांगावं लागलं नाही.

तुझं लग्न होऊन तू जळकोटहून इथं आलीस तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. पाठराखण म्हणून मला तुझ्याबरोबर गाडीत बसवलं. चार दिवसांनी काका मला परत न्यायला आले, तर तू डोक्यावरचा पदर सावरत सासूबाईंपुढं उभी राहिलीस आणि म्हणालीस, "ह्याला राहू द्या. इथं शाळा हाय, तिथं न्हाई." चार दिवसांची नवरी आणि एवढं बोलणं! सासूबाई महिनाभर तुझ्याशी धड बोलल्या नाहीत. मी मात्र चार दिवसांच्या पाठराखणीला येऊन नऊ वर्षं राहिलो. तुम्हाला मूल झालं नाही, मग मला परत पाठवायचा विषयच कुणी काढला नाही. मी तुझा भाऊ होतो की लेकरू, हे आपण कधी ठरवलं नाही आणि तशी गरजही पडली नाही.

या मागच्या दारातून किल्ला एवढा जवळ दिसतो, की पलीकडून कुणी हाक मारली तर ऐकू यावी. पण तू आत कधी गेली नाहीस. एक तर सरकारी जागा, दाराशी पहारा, आणि सासूबाईंचं ठरलेलं, "बायामाणसाचं काय काम हाय तिथं?" मलाही बंदीच होती. दाजींचा धाकटा भाऊ लहानपणी याच खंदकात बुडाला होता, म्हणून दाजींनी मला शपथ घातली होती, किल्ल्याकडं फिरकायचं नाही. साहजिकच मी पहिल्या पंधरवड्यातच शाळेतल्या पोरांबरोबर गेलो. दुसऱ्या दरवाज्याशी वटवाघळं उडाली, मी घाबरलो आणि पळून आलो. पण तुला येऊन सांगितलं, आत गेलतो, मोठी विहीर बघितली.

तू भांडं घासायचं थांबवलं नाहीस. नुसतं विचारलंस, "खडा टाकलास का आत?"

"हाव."

"किती म्हणेस्तोवर वाजला?"

मी अंदाजानं ठोकून दिलं, "सात म्हणेस्तोवर."

तू हातातली राख झटकलीस आणि इतकी हसलीस, की आतून सासूबाईंनी विचारलं काय झालं म्हणून. मग हळू आवाजात म्हणालीस, "लबाड! अरे, खंदकात पाणी आपल्या पायरीला लागतंय. मग आतली हीर सात म्हणेस्तोवर खोल कशी आसंल? गेलाच न्हाईस तू." जिनं किल्ल्याचा दरवाजासुद्धा जवळून पाहिला नव्हता, ती मला आतली विहीर शिकवत होती. दुसऱ्या दिवशी मी एकटा गेलो, खडा टाकला, मोजलं. दोन म्हणायच्या आत वाजला. तुला येऊन सांगितलं तेव्हा तू नुसती मान हलवलीस, आणि ताटात तुपाची धार जरा जास्त धरलीस.

तेव्हापासून सात हा आपल्या दोघांचा शब्द झाला. दाजींना कळला असता तर माझी चामडी लोळवली असती, म्हणून तो चुलीपुढंच राहिला. मी म्हणायचो अभ्यास झाला, तू भाकरी थापता थापता विचारायचीस, "सात?" मी म्हणायचो भूक नाही, तू म्हणायचीस, "सात?" आणि मला हसू फुटायचं. या घरात मला एकही खोटं पचलं नाही. किल्ल्याचा कोपरा न् कोपरा मी तुला येऊन सांगितला, तोफा सांगितल्या, मशिदीची कमान सांगितली, सीताफळीची झाडं सांगितली. तू दर वेळी एवढंच विचारायचीस, तिथं पाणी कुठून येत होतं? माणसं राहायची म्हणजे पाणी पाहिजेच, बाकीचं कुणीबी सांगतंय, असं तुझं म्हणणं.

नंतर सासूबाई गेल्या. मी हैदराबादेत शिकून जनावरांच्या दवाखान्यात नोकरीला लागलो. सरकारनं वजिफा दिला, दोन वर्षांच्या वरच्या अभ्यासाला विलायतेत एडिंबरोला जायचं ठरलं. निघायच्या आदल्या दिवशी दुपारी तू पहिल्यांदा स्वतःहून म्हणालीस, "बापू, आज मला किल्ल्यात नेतोस का? आता कोण आडवंतंय!" मी ट्रंक भरत होतो. पुस्तकं मावत नव्हती, चिडलेलो होतो. म्हटलं, "आल्यावर नेतो. किल्ला काय पळून चाललाय का?"

"बरं," तू म्हणालीस आणि लोणच्याची बरणी बांधायला गेलीस. ती बरणी पुस्तकांपेक्षा जड होती.

एवढं एकच मागितलंस, आक्का. तासाभराचं काम होतं.

तिकडं तुझी पत्रं यायची म्हणजे दाजींचीच यायची. जन्मभर तहसील कचेरीत उर्दू लिहिलेला माणूस, त्यांची मराठीही कचेरीत गेल्यासारखी असायची. "चिरंजीव बापू यास अनेक आशीर्वाद. तुझी आक्का दरयाफ्त करते की तिकडे भाकरी मिळते किंवा कसे." मी खोलीत एकटाच हसायचो, कारण तू काय म्हणाली असशील ते मला त्या वाक्याखालून ऐकू यायचं. पत्राच्या उजव्या कोपऱ्यात तू कुंकवाचं बोट टेकवायचीस, तीच तुझी सही. लहानसं, लांबट बोट, एका बाजूला किंचित दबलेलं. तिथली म्हातारी घरमालकीण ते बघून एकदा घाबरली होती, तिला वाटलं रक्त आहे.

दुसऱ्या वर्षी कार्तिकात निघालेलं एक पत्र होतं. त्यात शेवटी दाजींनी लिहिलं होतं, "तुझ्या आक्कास काही दिवस खोकला आहे. ती दरयाफ्त करते की तिकडे खोकल्यावर काय देतात." मी उत्तर लिहिलं. ते उत्तर आज माझ्या मांडीवर आहे, कारण दाजींनी माझी सगळी पत्रं तुझ्या लुगड्याच्या पेटीत जपून ठेवली आहेत. माझ्याच अक्षरात लिहिलंय: "आक्का, मी इथं घोड्यांचा खोकला शिकून राहिलोय, तुझा न्हाई. पुढच्या जन्मी घोडी हो, मग देतो दवा."

मला वाटलं, तू हसशील. दाजी म्हणतात हसलीस. अंथरुणावर उठून बसलीस, ते वाक्य दोनदा वाचायला लावलंस, आणि हसता हसता खोकल्याची उबळ आली ती बराच वेळ थांबली नाही. तोपर्यंत तुला उठून चुलीपर्यंतही जाता येत नव्हतं. पत्रात नुसता "खोकला" लिहा, असं तूच दाजींना बजावलं होतंस. पण मी डॉक्टर होतो ना? बैल नुसता कान पाडून उभा राहिला तरी त्याला काय झालंय ते मला कळायचं. पौषात तू गेलीस. माझ्याकडून तू शेवटचं ऐकलंस ते हे. पुढच्या जन्मी घोडी हो.

त्यानंतरही पत्रं येत राहिली.

एवढंच नाही, ती जास्त चांगली येऊ लागली. कचेरी त्यातून हळूहळू निघून गेली. "दरयाफ्त" गेलं, "इचारती" आलं. फाल्गुनात निघालेल्या पत्रात होतं: "आक्का म्हणती, रोज किल्ल्याखालून जातोस म्हणून लिवतोस, मग आत कामून जात न्हाईस? जाऊन बघ आन् तिथलं पाणी कुठनं येतंय ते कळव." मी ते वाचलं आणि खोलीत मोठ्यानं म्हणालो, आली बघा आमची आक्का! मला वाटलं, दाजी आता म्हातारे होऊन राहिले, तू बोलतेस तसंच उतरवून घेतात. आणि खरंच, दीड वर्ष मी त्या किल्ल्याखालून कॉलेजात जात होतो. गावाच्या मधोमध काळा खडक, त्यावर किल्ला. कुठूनही मान वर केली की तोच दिसायचा. तुझ्यासारखाच मी रोज बाहेरून बघत होतो आणि आत जात नव्हतो, फक्त मला कुणी अडवलेलं नव्हतं.

चैत्रातल्या एका शनिवारी गेलो. इकडं ऊन तापलं असेल, तिकडं वारा असा की टोपी हातात धरून चढावं लागलं. एका म्हाताऱ्या शिपायाच्या मागंमागं सगळा किल्ला पाहिला, जसा लहानपणी तुला सांगण्यासाठी बघायचो तसा. बरोबर एक वाजता तिथं रोज तोफ उडवतात. लोक शांतपणे घड्याळं काढून जुळवत होते, आणि मी मात्र धडाक्यानं मटकन खालीच बसलो. एक बाई मला उठवायला धावली. खाली कड्याच्या बाजूला हिरवळीचा लहान तुकडा होता, तिथं शिपायांनी पाळलेल्या कुत्र्यांच्या समाध्या. प्रत्येकीला दगड, दगडावर नाव. मी तिथं बराच वेळ रेंगाळलो, म्हटलं आक्काला हे सांगितलं तर तिला खरं वाटणार नाही.

मग शिपायाला विचारलं, पाणी कुठं आहे? त्याला नवल वाटलं. सगळे तोफ विचारतात, राजाचा मुकुट विचारतात. तो मला विहिरीशी घेऊन गेला. विहिरीवर लोखंडी जाळी होती. खडा टाकू का म्हटलं, तर त्यानं बोट हलवून नको म्हटलं. त्यानं सांगितलं, पूर्वी एकदा वेढ्यात तोफांच्या माऱ्यानं वरची भिंत पडली, विहीर दगडांनी बुजली, आत पाण्याचा थेंब उरला नाही, आणि आतल्या लोकांना शेवटी किल्ला सोडून द्यावा लागला. मला तुझी फार आठवण झाली. शिपायाला सांगावंसं वाटलं, की माझी बहीण हे इथं न येताच सांगायची.

त्या दिवशी घरी येऊन चार पानांचं पत्र लिहिलं. इतकं चांगलं मी आयुष्यात काही लिहिलं नाही. तोफ लिहिली, माझं खाली बसणं लिहिलं, कुत्र्यांची नावं लिहिली. विहिरीवरची जाळी मात्र मुद्दाम गाळली. शेवटी लिहिलं, "विहिरीत खडा टाकला. सात म्हणेस्तोवर वाजला." लिहिताना हसू आवरत नव्हतं. दाजी वाचतील, त्यांना काही कळणार नाही, आणि तू चुलीपुढून ओरडशील, लबाड! पत्र पेटीत टाकलं आणि दिवस मोजत बसलो. तुझ्याकडून परत एकदा लबाड म्हणवून घ्यायचं होतं मला. परक्या मुलखात दीड वर्ष कुणी मला तसं ओळखून टोकलं नव्हतं.

उत्तर आलं. "तुझं पत्र ऐकून आक्काला लई आनंद झाला. सात म्हणेस्तोवर म्हंजे फार खोल हीर म्हणायची. संभाळून जात जा. काठावरून वाकून बघू नको."

आक्का, त्याच क्षणी मला कळायला हवं होतं. तू पाण्याबाबत कधी फसली नाहीस. आणि वाकून बघू नको म्हणणारं घरात एकच माणूस होतं, ज्याचा भाऊ खंदकात बुडाला होता. कागदावर सगळं स्पष्ट लिहिलेलं होतं. मी ते वाचलं, आणि मला काय झालं सांगू? मला तुझा राग आला. म्हटलं, आक्का विसरली. दोन वर्षं दूर काय गेलो, तिला आपला सातही आठवत नाही. मी रुसलो. महिनाभर पत्र लिहिलं नाही. तू जाऊन पाच महिने झाले होते आणि मी तुझ्यावर रुसून बसलो होतो. इकडं दाजी घाबरले, एका महिन्यात त्यांनी दोन पत्रं पाठवली. "आक्काचं काही चुकलं का? ती रोज इचारती."

कालची दुपार मी सगळी पत्रं अंथरून काढली. माझ्या ट्रंकेतली, तारखेवार. कोपऱ्यातली बोटं बघत गेलो. कार्तिकाच्या पत्रावर तुझं लहान, लांबट बोट. त्याच्या पुढच्या पत्रापासून जाड अंगठा. दौत हाताळून हाताळून चपटा झालेला, मधोमध चिरेची रेघ. एकदा बघितलं तरी आंधळ्यालाही कळावं. मी वर्षभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून रक्तातले किडे ओळखत होतो, मेजावर पडलेला अंगठा मला ओळखता आला नाही. तुझा शेवटचा प्रश्न खोकल्याचा होता. किल्ल्यातलं पाणी तू विचारलंच नव्हतंस. जिच्यासाठी मी वाऱ्यात चढून गेलो ती तू नव्हतीस, आणि ते चार पानांचं पत्र जिला ऐकवायचं ती या घरात नव्हती.

दाजी तुळशीशी उभे होते. मी तो अंगठा त्यांच्यापुढं धरला. मला भांडायचं होतं. मी म्हटलं, "आक्कानं सांगितलं आसंल परीक्षेपर्यंत कळवू नका म्हणून, मला माहीत हाय तिचा सोभाव. पण परीक्षा जेष्ठात झाली, दाजी. त्याच्यानंतर कामून न्हाई कळवलं? त्याच्यानंतरबी चार पत्रं हायत!"

ते खाली बसले. टोपी काढून मांडीवर ठेवली. "ती इथं न्हाई, हे सगळ्या कंधारला ठाव हाय," ते म्हणाले. "कचेरीत ठाव हाय, बाजारात ठाव हाय, गाईलाबी ठाव हाय. तुझ्या तिथंच तेवढी ती हुती रे. तू तिला लिवायचास, ती जेवली का इचारायचास. एका ठिकाणी तरी होती ना ती. तिथं मी माझ्या हातानं कशी मारू?"

मग म्हणाले, की माझी पत्रं ते पूर्वीसारखीच वाचायचे. इथंच, स्वयंपाकघराच्या दाराशी बसून, चुलीकडं तोंड करून, मोठ्यानं. किल्ल्याचं पत्रही वाचलं. कुत्र्यांच्या समाध्यांशी आल्यावर थांबले, कारण तिथं तू काहीतरी नक्की बोलली असतीस. काय बोलली असतीस, याचा विचार करून ते उत्तर लिहायचे. आणि मग तुझा करंडा उघडून अंगठा बुडवायचे. पहिल्या वेळी हात पुढं झाला नाही म्हणाले, बायको गेलेल्या माणसानं तिचा करंडा उघडू नये म्हणतात. पण कोपरा रिकामा राहिला तर मला कळेल, असं त्यांना वाटलं.

मी काय भांडणार त्यांच्याशी? तू होतीस तेव्हा त्यांना तुझी भाषा कधी लिहिता आली नाही. तू गेल्यावर आली. नऊ महिने या माणसानं तुला माझ्यासाठी जिवंत ठेवलं, आणि मी मोटारीतून उतरून ओरडत दारात आलो आणि ते सगळं संपवलं. मी आलो नसतो तर तू अजून असतीस. असा विचार वेड्यासारखा आहे हे मला कळतं. पण तीन दिवस तोच येतोय.

आज सकाळी दाजी मला मन्याडच्या काठावर घेऊन गेले, तुला अग्नी दिला ती जागा दाखवायला. ते इकडून तिकडं फिरले, एका बाभळीशी थांबले, मग म्हणाले, "इथंच कुठंतरी." पावसाळ्यात नदी चढून गेलीय, काठ सगळा सपाट झालाय. मला ते कुत्र्यांचे दगड आठवले. येताना किल्ल्याच्या दरवाज्यावरून आलो. पहारेकरी ओळखीचा निघाला, म्हणाला, या की आत, विलायतेहून आलात ना? मी नको म्हटलं. तुला न नेता मी आता तिथं जाणार नाही, आणि तुला नेणार कसं?

आत्ता हे लिहिता लिहिता दाजी येऊन शेजारी पायरीवर बसले. ज्या खंदकानं त्यांचा भाऊ नेला, त्याच्या इतक्या जवळ मी त्यांना कधी बसलेलं पाहिलं नव्हतं. मग त्यांनी माझ्याकडं न बघता विचारलं, "बापू, एक सांग. तुला कधी शक आला न्हाई? येका बी पत्रात?"

त्यांचा आवाज एवढासा झाला होता. नऊ महिने लिहिलेली परीक्षा त्यांनी माझ्यापुढं ठेवली होती.

मी म्हटलं, "न्हाई दाजी. हुबेहूब आक्काच वाटली."

"किल्ल्याच्या उत्तरातबी न्हाई? ते मला लई अवघड गेलं."

"त्याच्यात तर बिलकूल न्हाई."

ते हळूच हसले, समाधानानं. "म्हंजे जमलं म्हणायचं," असं काहीतरी पुटपुटले.

मी मान वळवून स्वयंपाकघराच्या दाराकडं पाहिलं. एवढं मोठं खोटं या घरात मला कधी पचलं नव्हतं. आतून तुझा आवाज यायला पाहिजे होता, एकच शब्द. मी वाट बघितली. मनातल्या मनात मोजलं, एक, दोन, अगदी सावकाश, सातापर्यंत मोजलं.

कुणी विचारलं नाही.